रॉक अँड रोल एल्विसच्या आधीच तयार होतं

खर्जातला
एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड जुलै १९५४ मध्ये बाजारात आली. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' जुलै १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. म्हणून रॉक अँड रोलचा जन्म या वर्षभरातला, असं बहुतेक लेखांत छापून येतं. मला ते पटत नाही. हे संगीत त्याआधी पाच-सहा वर्षं पूर्ण तयार होतं, त्यावर लोक नाचत होते, रेकॉर्डी खपत होत्या. पण ते वाजत होतं काळ्या वस्त्यांतल्या ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), आणि 'बिलबोर्ड' साप्ताहिक त्याची वेगळी यादी छापायचं. जून १९४९ पर्यंत त्या यादीचं नाव 'रेस रेकॉर्ड्स' असं होतं! मग तिथेच काम करणाऱ्या जेरी वेक्सलरने सुचवलेलं 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव आलं. १९५४-५५ मध्ये बदललं ते गिऱ्हाईक.

थोडं मागून सुरू करतो. १९३० च्या दशकात पंधरा-सोळा वादकांचे बिग बँड जोरात होते. महायुद्धाने त्यांची वाट लावली. पेट्रोल आणि टायर रेशनवर, निम्मे वादक फौजेत. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवरच बहिष्कार टाकला, तो चांगला दोन वर्षांवर चालला. १९४४ मध्ये नाचगाण्याच्या क्लबांवर जबर करमणूक कर बसला. एवढ्या माणसांचा पगार कोण देणार? मग पाच-सहा जणांचं टोळकं तेवढाच मोठा हॉल कसा हलवतं, हे दाखवलं लुई जॉर्डनने. त्याच्या बँडचं नाव 'टिम्पनी फाइव्ह', माणसं बहुधा पाचापेक्षा जास्तच. सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम, पुढे गिटार, आणि वर मिश्कील, बोलल्यासारखं गाणं. याला जंप ब्लूज म्हणतात. माझ्या मते रॉक अँड रोलचा सांगाडा हाच. १९४६ च्या त्याच्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वूमन' या गाण्याची सुरुवात ऐका. कार्ल होगनने वाजवलेला गिटारचा तो तुकडा बारा वर्षांनी चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'च्या तोंडाला जवळजवळ जसाच्या तसा येतो. बेरीने ते कधी लपवलंही नाही.

आणखी एक गंमत. डेका कंपनीत जॉर्डनच्या रेकॉर्डी करणारा निर्माता मिल्ट गेबलर, आणि एप्रिल १९५४ मध्ये न्यूयॉर्कला 'रॉक अराउंड द क्लॉक' करणाराही तोच. हेलीच्या बँडला जॉर्डनचा ठेका तो समोर बसून गुणगुणून दाखवायचा.

दुसरी वाट पियानोची. बूगी-वूगी. टेक्सास-लुइझियानाकडच्या लाकूडतोड्यांच्या वस्त्यांतल्या दारूच्या गुत्त्यांत एकट्या पियानोवाल्याला रात्रभर नाचवायचं असे, म्हणून डावा हात आठच्या चालीने खर्जात सतत फिरता आणि उजवा वर मोकळा. २३ डिसेंबर १९३८ ला रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हे वादक आणले आणि गोऱ्या शहरी लोकांत त्याची लाट आली. त्या रात्री पीट जॉन्सनच्या पियानोवर कॅन्सस सिटीचा एक धिप्पाड गायक गायला, बिग जो टर्नर. हाच टर्नर १९५४ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, 'शेक, रॅटल अँड रोल' गातो आणि लोक म्हणतात नवीन संगीत आलं! त्याचा आवाज तोच, गाण्याची पद्धतही तीच. सोळा वर्षं तो जे करत होता तेच करत राहिला.

आता पुरावा म्हणून एकच गाणं तीनदा ऐका: 'गुड रॉकिंग टुनाइट'. १९४७ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा रॉय ब्राउन गातो, आवाजात चर्चचा आर्जवी सूर. त्याने हे गाणं आधी वायनोनी हॅरिसला देऊ केलं होतं, त्याने झिडकारलं. ब्राउनचं चालायला लागल्यावर हॅरिसने ते सिनसिनाटीच्या किंग कंपनीसाठी गायलं, मागे दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर टाळ्या लावल्या, आणि १९४८ मध्ये ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या (तेव्हाच्या 'रेस'च्या) यादीत पहिलं आलं. एल्विसचं १९५४ चं, ड्रमशिवाय. तिन्हींत सगळ्यात जास्त 'रॉक' कोणतं? माझं मत हॅरिस.

आणि 'रॉकेट ८८'. मार्च १९५१, मेंफिस, सॅम फिलिप्सचा छोटा स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा आइक टर्नर आपली पोरं घेऊन मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून आला. वाटेत गिटारच्या अँप्लिफायरचा कोन फाटला. दुरुस्तीला वेळ नव्हता, फिलिप्सने आत कागद कोंबले आणि तो फाटका, घरघरणारा आवाज तसाच ठेवला, उलट पुढे आणला. रेकॉर्ड शिकागोच्या चेस कंपनीने काढली आणि ती ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली आली. वर नाव मात्र गाणाऱ्या सॅक्सवाल्याचं, जॅकी ब्रेन्स्टनचं. आइक टर्नर यावरून आयुष्यभर चरफडला.

पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं, हा वाद इथे नको. वीस तरी दावेदार निघतील आणि धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

पाटपाणी
वाचनखूण साठवली. 'आठच्या चालीने' आणि 'दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर' हे आमच्यासारख्या अडाण्यांना कुणी उलगडून सांगेल का? तबल्याच्या भाषेत चालेल. पोरगा शिकतो, त्यामुळे घरात ठेका सतत कानावर असतो.

काळी_चार
धागा झकास, पण देऊळ सोडून नुसता तमाशाच सांगितलात की!

सिस्टर रोझेटा थार्पशिवाय हा विषय होऊच शकत नाही. जन्म १९१५, आर्कान्सामधलं कॉटन प्लांट नावाचं गाव. आई मँडोलिन वाजवत गावोगाव धर्मप्रचार करणारी. त्यांचा पंथ 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट'. इतर प्रतिष्ठित चर्चांत ड्रम, खंजिरी, नाच निषिद्ध होतं, या पंथात तीच उपासना. अंगात आल्यासारखं गाणं, एकाने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची, टाळ्या वाढत वाढत जायच्या. पोरगी चार-सहा वर्षांची असल्यापासून गिटार घेऊन त्यात उभी. १९३८ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या क्लबात देवाची गाणी गायली तेव्हा चर्चवाले भडकले. तुम्ही सांगितलेल्या कार्नेगी हॉलच्या रात्री तीही होती, तिचं नाव तुम्ही गाळलंत.

१९४४ चं तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐका. पियानो शुद्ध बूगी-वूगी, गिटार विजेची, शब्द मात्र भजनाचे. १९४५ मध्ये ते 'रेस' यादीत चढलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी तिच्या कार्यक्रमाआधी एक चौदा वर्षांचा पोरगा तिचीच गाणी गात होता. तिने त्याला रंगमंचावर बोलावलं, गायला लावलं आणि वर पैसेही दिले. तो पोरगा म्हणजे पुढचा रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड.

१९७३ मध्ये फिलाडेल्फियात गेली तेव्हा थडग्यावर दगडसुद्धा नव्हता, पुढची कितीतरी वर्षं नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला घेतलं २०१८ मध्ये. हे लोक तोपर्यंत काय करत होते कुणास ठाऊक.

घाटमाथा
लेख चांगला आहे, पण एकतर्फी. अर्धं घराणं गायब आहे. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांचं संगीत, म्हणजे कंट्री, कुठे गेलं?

बॉब विल्स घ्या. टेक्सास, ओक्लाहोमा. फिडल (व्हायोलिन) आहे, पण सोबत ड्रम, विजेची स्टील गिटार, ट्रंपेट, आणि हजारो माणसं नाचतायत. याला वेस्टर्न स्विंग म्हणत. रॉक अँड रोलचा गाजावाजा झाला तेव्हा हा गडी म्हणाला की हे तर आम्ही १९२८ पासून वाजवतोय. हँक विल्यम्सचं १९४७ चं 'मूव्ह इट ऑन ओव्हर' आणि 'रॉक अराउंड द क्लॉक' पाठोपाठ लावा. कडव्याची चाल ऐकून हसायला येईल. हेली स्वतः कंट्रीवाला, त्याच्या बँडचं आधीचं नाव 'सॅडलमेन', डोक्यावर काउबॉय टोप्या. आणि १९५१ मध्ये त्यानेच 'रॉकेट ८८' परत गायलं होतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत.

चक बेरीचं १९५५ चं 'मेबलीन' कुठून आलं? बॉब विल्सने १९३८ मध्ये वाजवलेल्या 'आयडा रेड' या जुन्या फिडलच्या गाण्यावरून. बेरी सेंट लुइसकडच्या काळ्या क्लबांत मुद्दाम ही गावठी गोऱ्यांची गाणी म्हणायचा. लोक आधी हसायचे, मग फर्माईश करायचे. चेस कंपनीकडे ब्लूज ढिगाने होते, त्यांनी त्याचं हेच गाणं उचललं.

आणि एल्विसच्या पहिल्या रेकॉर्डला दुसरी बाजू होती ना? एका बाजूला आर्थर क्रुडपचं १९४६ चं ब्लूज 'दॅट्स ऑल राइट', दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं त्याच वर्षीचं 'ब्लू मून ऑफ केंटकी'. मन्रोचं तीनच्या ठेक्यातलं, एल्विसने ते चारमध्ये धावडवलं. एकाच तबकडीवर दोन्ही घराणी बसवायला कुणीतरी लागतो. त्याला नुसतं 'गिऱ्हाईक बदललं' म्हणून कसं चालेल?

खर्जातला
@घाटमाथा, कंट्री मी मुद्दाम प्रतिसादांसाठी ठेवलं होतं, आणि तुमच्याकडून येणार हेही माहीत होतं. :)

'आयडा रेड'चा मुद्दा बिनतोड. गाण्यात गोष्ट सांगायची, गाड्यांचे, गावांचे, पोरीच्या नावाचे तपशील भरायचे, ही बेरीची खासियत कंट्रीतूनच आली. पण ते 'पांढरं घराणं' किती पांढरं? हँक विल्यम्सला लहानपणी गिटार शिकवली अलाबामातल्या रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या गवयाने. बिल मन्रोच्या वादनावर केंटकीच्या आर्नल्ड शुल्ट्झची छाप, तोही काळा. मन्रोनेच ते वारंवार सांगितलंय. जिमी रॉजर्स १९२७ पासून ब्लूज गाऊन मध्येच योडेल (आवाज एकदम वर-खाली फोडत आलाप) करत होता. बाजारात खाती दोन होती. वादकांनी ती फारशी मानली नाहीत.

एल्विसबद्दल: आवाज असामान्य, कान त्याहून असामान्य. मी त्याला कमी लेखत नाही. तो पाया घालणारा नव्हता, एवढंच म्हणणं.

अर्धमात्रा
@पाटपाणी, मी ड्रम वाजवतो, म्हणून प्रयत्न करतो.

ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा खणांचं, प्रत्येक खणात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. बोट ठेवायच्या जागा तीनच. सा धरा, चार खण तिथे. मग म वर दोन, परत सा वर दोन. मग प वर एक, म वर एक, आणि शेवटचे दोन सा वर येऊन पुन्हा सुरू. 'रॉकेट ८८'पासून 'जॉनी बी. गुड'पर्यंत थोड्याफार फरकाने हेच चक्र. गायक मधे जो गंधार लावतात तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोहोंच्या मध्ये हलता. पियानोवर ती पट्टीच नाही, म्हणून पियानोवाले शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतात किंवा एकीवरून दुसरीवर घसरतात.

आता जोर. आपण समेवर मान हलवतो. इथे चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फटका, त्याला बॅकबीट म्हणतात. चर्चमधल्या टाळ्या तिथेच पडतात, काळी_चार यांचा मुद्दा इथे जुळतो.

पण माझ्या दृष्टीने खरी भानगड पुढे आहे, आणि ती कुणी बोलतच नाही. जंप ब्लूजमध्ये मात्रेचे तीन भाग करून पहिल्या आणि तिसऱ्यावर वाजवतात, लांब-आखूड, लांब-आखूड. चाल लंगडती, झुलती. याला शफल म्हणतात. रॉक अँड रोलमध्ये मात्रेचे दोन सरळ समान भाग, चार मात्रांत आठ ठोके. हा बदल कुठे झाला? न्यू ऑर्लिन्सला कॉसिमो मटासाच्या छोट्याशा जे अँड एम स्टुडिओत. ड्रमर अर्ल पामर. तो १० डिसेंबर १९४९ ला फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन'वर आहे, आणि सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी'वरही आहे. रिचर्ड उजव्या हाताने पियानोवर सरळ आठ ठोकत बसायचा. त्या हाताशी जुळवून घेताना मी शफल सोडला, असं पामरने स्वतः सांगितलंय. आधीचा शफल संपायला आलाय आणि नंतरचा सरळ ठेका अजून बसायचाय, त्या काळातल्या रेकॉर्डींत दोन्ही एकाच वेळी वाजतात. 'जॉनी बी. गुड'मध्येच ऐका. बेरीची गिटार सरळ, आणि मागे फ्रेड बिलोचे ड्रम झुलते. दोघं एकमेकांशी भांडतायत आणि गाणं त्यावरच चालतंय. नंतर सगळेच सरळ वाजवायला लागले आणि तो लज्जतदार घोळ गेला.

म्हणून @खर्जातला, तुमच्याशी निम्मा सहमत. माणसं, वाद्यं, शब्द, आरडाओरडा १९४९ पर्यंत तयार होते. ठेका नव्हता. तो १९५५-५६ मध्येच बसला, आणि बसवला तोही न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांनीच.

पाटपाणी
_/\_ पोराला वाचायला दिलं. तो आता जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या-चौथ्यावर हाणतोय. आभार मानावे की शिव्या द्याव्यात ठरवतो.

हिशेबनीस
पैशांचं बोला की कुणीतरी. १९५५ च्या 'मेबलीन'चे लेखक म्हणून रेकॉर्डवर तीन नावं होती: चक बेरी, रस फ्रॅटो आणि अ‍ॅलन फ्रीड. या दोघांनी गाण्यात एक ओळ लिहिलेली नाही. फ्रीड हा रेडिओवरचा निवेदक. गाणं वाजवायचं तर लेखकाच्या रॉयल्टीत वाटा, अशी ती लाच. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळायला १९८६ उजाडलं.

फ्रीडला सरसकट खलनायक मात्र करू नका. क्लीव्हलँडमधला रेकॉर्ड दुकानदार लिओ मिंट्झने त्याला दाखवलं की गोरी पोरं ऱ्हिदम अँड ब्लूज विकत घेतायत. १९५१ पासून त्याने रात्री मूळ काळ्या कलाकारांच्याच रेकॉर्डी लावल्या, गोऱ्यांच्या नकला नाहीत. २१ मार्च १९५२ ला त्याने क्लीव्हलँड अरीनात नाचाचा कार्यक्रम ठेवला. हॉल सुमारे दहा हजारांचा, लोटले त्याहून कितीतरी जास्त, दारं मोडली, पोलिसांनी सुरू होता होताच बंद पाडला. पुढे लाचखोरीच्या प्रकरणात तो बुडाला, १९६५ मध्ये गेला.

आणि नकलांचं. अमेरिकी कायद्यात तेव्हा गाण्याचे शब्द-चाल सुरक्षित, पण वाद्यमेळाची मांडणी आणि गाण्याची ढब नाही. लव्हर्न बेकरचं 'ट्वीडल डी' जॉर्जिया गिब्जने जवळजवळ तंतोतंत उतरवून जास्त खपवलं. बेकरने १९५५ मध्ये थेट अमेरिकी संसदेतल्या (काँग्रेसच्या) सदस्याकडे तक्रार केली, उपयोग शून्य. उलट बाजू फॅट्स डॉमिनोची. 'एन्ट दॅट अ शेम' त्याने आणि डेव्ह बार्थोलोम्यूने लिहिलेलं, म्हणून पॅट बूनच्या गुळमुळीत आवृत्तीचे पैसे त्यांनाही पोचले. डॉमिनोने बोटातली अंगठी दाखवून 'ही पॅट बूनने घेऊन दिली' असं लोकांना सांगितलं, हा किस्सा बून स्वतःच सांगतो. क्रुडपचं नशीब तसं नव्हतं. एल्विसने त्याची गाणी गायली, तो शेवटपर्यंत हक्काच्या रॉयल्टीसाठी भांडत १९७४ मध्ये गेला.

घाटमाथा
@हिशेबनीस, 'हाउंड डॉग'ही घ्या यात. बिग मामा थॉर्नटनने ऑगस्ट १९५२ मध्ये गायलं, १९५३ मध्ये सात आठवडे ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं. लिहिलं लीबर आणि स्टोलर या दोन ज्यू पोरांनी, तेव्हा दोघंही एकोणीस वर्षांचे. बँड जॉनी ओटिसचा, जो जन्माने ग्रीक आणि राहणीने काळा. कोण कुणाचं संगीत घेतंय याचा सरळ हिशेब मांडून दाखवा बरं.

हळदोण्याची
अवांतर, पण आपल्याकडचा धागा म्हणून. एल्विसच्या आधी मुंबईत हा जंपवाला आवाज पोचला होता, कारण ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकातच अमेरिकन काळे वादक येऊन वाजवत होते आणि आमचे गोंयकार त्यांच्याकडून शिकत होते. चिक चॉकलेट म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, आमच्या गावचा. सी. रामचंद्रांचा सहायक. १९५१ च्या 'अलबेला'तला ब्रासचा (पितळी वाद्यांचा) ठसका त्याच तालमीचा, आणि पडद्यावर भगवानदादा.

१९५७ चं 'ईना मीना डीका' तर उघड रॉक अँड रोल. संगीतकाराच्या खोलीबाहेर पोरं 'ईनी मीनी' करत खेळत होती, त्यावरून मुखडा सुचला, आणि 'माका नाका' हे कोंकणी शब्द सहायक जॉन गोम्सने घातले, असं सांगतात. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, हे करावं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

काळी_चार
पाचगणी राहिली! सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास फारुख बलसाराने मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' बँड काढला, तो पियानोवर, गाणी लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्डची. पुढे त्याने नाव बदललं, 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी.

पाटपाणी
एक शेवटची शंका. बो डिडली हा गिटारवाला गायक याच सगळ्यात बसतो का? परवा ऐकला, त्यात तुमचं बारा खणांचं चक्रच सापडेना.

अर्धमात्रा
सापडणार नाही. मार्च १९५५ मध्ये चेसकडे केलेलं 'बो डिडली' जवळजवळ एकाच सुरावर उभं आहे. म नाही, प नाही, सगळी मजा ठेक्यात. पोराला सांगा, तीनतालासारख्या सोळा मात्रा मोज आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळ्या दे. क्यूबाच्या संगीतात याला क्लावे म्हणतात. काळ्या मुलांचा मांड्या-छातीवर थापा मारत गाण्याचा खेळ होता, हँबोन, त्यातही हाच. क्लिफ्टन जेम्स टॉमवर (खर्जातल्या ड्रमवर), जेरोम ग्रीन माराकसवर (खुळखुळ्यांवर), आणि गिटारचा आवाज ट्रेमोलोने थरथरता, त्यामुळे गिटारही तालवाद्यच होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात त्याला दुसरंच गाणं गायला सांगितलं होतं, त्याने ऐन वेळी हेच गायलं आणि सलिव्हनने त्याला पुन्हा बोलावलं नाही.

पोराला पुढचा अभ्यास म्हणून १९५७ चं बडी हॉलीचं 'नॉट फेड अवे' द्या. ठेका हाच, पण ड्रम नाहीत. जेरी अ‍ॅलिसन पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवतोय. जेवणाचं टेबल वाचेल.